सांधा

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला,
म्हणाले, आजोबा, वंगण संपलंय.
मला हसू आलं.
शरणपूर रोडच्या त्या गार दवाखान्यात
एकाएकी कोळशाचा वास सुटला,

आणि इगतपुरीच्या शेडमध्ये उकिडवे बसलेले दादा
फरशीवर खडूने इंजिन काढू लागले.
एकच बॉयलर, आडवा, पालखीसारखा,
आणि पुढेमागे चाकांच्या दोन जोडण्या,
एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांसारख्या.
"मधे काय दिसतंय?"
मी सात वर्षांचा. म्हणालो, काही नाही.
"तेच. मधे नुसती खीळ. तिच्यावर सगळा खेळ."

आधीची इंजिनं एकसंध होती, ताठ मानेची.
सदतीस फुटांना एक फूट चढ.
साहेब म्हणत, चाकं वाढवा.
चाकं वाढवली की वळणावर अडत,
रुळाची कड खात, किंचाळत वर येत.
तो आवाज आला की होरमसजी फोरमन
चहाची बशी खाली ठेवायचे:
"अरे निरभवणे, ही तर रूळ सोलते नी!"

मग हे आलं, बोटीतून, खोक्यांतून,
नंबर घातलेल्या तुकड्यांनी.
कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं.
दादा म्हणत, कंबर असलेलं इंजिन.

पण वाफेला कंबर मानवत नव्हती.
बॉयलरमधून सिलिंडरपर्यंत जायची वाट
त्या हलत्या सांध्यातून होती,
आणि तिथेच ती फुसफुसायची,
वर येईस्तोवर निम्मा दम हवेत.
दादांनी दोरी भरली, ग्राफाइट भरलं,
आठही बोल्ट अंगाचा भार टाकून आवळले.
गळती थांबली. शेडमध्ये पेढे आले.

दुसऱ्या दिवशी बोगद्यापलीकडच्या वळणावर
पुढची चाकं वळलीच नाहीत.
रुळावर चढून खडीत उतरली.
फायरमन इस्माईल फेकला गेला, मनगट मोडलं.

त्याला घोटीला नेलं, ठकूबाईकडे.
तिने आंबेहळद उगाळली, मैदालकडी लावली,
बांबूच्या कांबी ठेवून पट्टी गुंडाळली,
आणि शेवटचा वेढा पुन्हा सैल केला.
दादा म्हणाले, अजून आवळा ना.
ती वर न बघता म्हणाली,
"घट्ट बांधलं तर हाड जुळतं, बाबा. हात जातो."

दादा रात्रीच शेडवर परतले.
हे मी पाहिलेलं नाही, पण त्यांची वही माझ्याकडे आहे.
तेलाच्या डागाखाली, पेन्सिलीने:
बोल्ट पाव फेरा मागे. थोडी गळू द्यावी. वळू द्यावे.

दोन हिवाळे ते घाट चढलं,
कमरेतून बारीक वाफ सोडत,
तोंडातल्या तोंडात बडबडणाऱ्या म्हातारीसारखं.
मग घाटात खांब आले, तारा आल्या,
आणि ते मनमाडकडे गेलं; पुढचं कुणी सांगितलं नाही.

विजेचं पहिलं इंजिन आलं तेव्हा
सगळे वर बघत होते, तारेकडे, ठिणगीकडे.
दादा एकटे रुळावर ओणवे झाले,
टोपी काढून खाली डोकावले,
बराच वेळ.
उठले तेव्हा गुडघे झाडत एवढंच म्हणाले:
"आहे. खीळ आहे."

डॉक्टर सांगताहेत: स्टीलचा नवा सांधा बसवू,
परदेशी आहे, वीस वर्षं बघायला नको.
सून खर्चाचं विचारतेय.
मी फोटोतल्या त्या काळ्या फटीकडे बघतो,
जिथे दादांच्या खडूने
काहीच काढलेलं नव्हतं.

"किती घट्ट बसवणार?" मी विचारतो.

डॉक्टर पेन खाली ठेवतात.