जांभळ्या टोपणाची नळी

पहिला प्रश्न सोपा होता: नाव.
लोवा.
मग आई, बाप, नोंदणीचा आकडा.
सातव्या प्रश्नावर पेन थांबलं:
कुत्रीला अंधारात दिसत नाही, हे
पहिल्यांदा केव्हा लक्षात आलं?

लक्षात येणं म्हणजे नेमकं काय
हे अर्जात कुठे लिहिलेलं नव्हतं.

गोठ्याच्या दारात ती अडली, तो नोव्हेंबर.
मी म्हणाले, हट्टी झालीये.
पायरी चुकली. मी म्हणाले, बर्फ.
मांजरावर आदळली,
मांजरच मेलं नको तिथे झोपतं.
आमच्याकडे हिवाळ्यात तिन्हीसांजा दुपारी तीनलाच होतात;
दिवा लावायचा आळस करणाऱ्या बाईला
सबबींची वानवा नसते.

मी लिहिलं: साडेतीन वर्षांची असताना.
मग खोडलं.
लिहिलं: अडीच.
त्या दोन आकड्यांच्या मधल्या वर्षात
तिला सहा पिल्लं झाली.

दवाखान्यात रक्त घेतलं. जांभळ्या टोपणाची नळी,
पुढच्या पायावर तिकिटाएवढा चौकोन भादरलेला.
ब्यॉर्ये म्हणाला, सोमवारी टाक पोस्टात, हिल्लेवी,
शुक्रवारी टाकलंस तर गोदामात पडून राहील.
लोवा त्याचा अंगठा चाटत होती,
गुरांच्या टाचा चावत चार पिढ्या जगलेलं ते तोंड.

सोबतच्या पत्राची भाषा फार सभ्य.
'आपल्या प्राण्यास याचा लाभ होईलच असे नाही.'
त्या 'होईलच' आणि 'असे नाही'च्या मधे
मी थोडा वेळ बसून राहिले.

मग सहा फोन.

किरुनाची शिक्षिका आधी रडली, मग म्हणाली, पत्ता सांग.
ओलंडचा मेंढपाळ हसला:
आमची तर चांदण्यात ससा धरते!
म्हटलं, तिचंही हवंय.
धडधाकटांचं रक्त शेजारी ठेवल्याशिवाय
त्यांना बिघाड दिसत नाही म्हणे.
तो म्हणाला, हे बरंय, पहिल्यांदाच कुणी
काही झालेलं नसताना विचारतंय.

तिसऱ्याचा कुत्रा ट्रकखाली गेला होता.
संध्याकाळी साडेपाचला, म्हणाला.
कधी? विचारलं. जानेवारीत.
मग जरा थांबून, आपणहून, पुन्हा: साडेपाचला.
आम्ही दोघंही त्यापुढे काही बोललो नाही.

चौथ्या घरी घंटा वाजत राहिली. पाचवीने हो म्हटलं,
आणि तासाभराने नाही.

सहावा तोर्स्तेन.
त्याच्या नराला तीन देशांतून मागणी, भिंतभर फिती.
तुझ्या घरचं धुणं
माझ्या अंगणात का वाळत घालतेस, म्हणाला.
मी त्याला सांगणार होते
की लोवाची आई चांगली होती, बापही चांगला,
दोघांच्या खिशात तेच अर्धं नाणं,
आणि दोघांनाही खिसा असल्याचंच ठाऊक नव्हतं.
पण फोन ठेवलेला होता.

मे महिन्यात स्काराच्या प्रदर्शनात दिसला.
मी वळून चहाच्या रांगेत घुसले.
तो मागून आला, कपाकडे बघत म्हणाला,
टोपण कुठल्या रंगाचं म्हणालीस?

मी म्हणाले नव्हतेच.
जांभळं, सांगितलं.
साखर घेऊन तो निघून गेला.
पुढे त्याने काय केलं मला माहीत नाही,
त्या पाकिटांवर नावं नसतात, आकडे असतात.

वर्षाने दुसरा अर्ज आला, छोटासा.
दिवसा दिसतं का? थोडं.
वागण्यात बदल? गायी ती आता वासावर मोजते,
एक कमी असली की दारात बसून राहते.
हे चौकटीत मावलं नाही, कडेने लिहिलं.

शेवटी तीन ओळींची मोकळी जागा:
आणखी काही सांगायचे असल्यास.

बाहेर अजून उजेड होता. तरी उठले,
गोठ्यात जाऊन आले,
मग लिहिलं:
आता दिवा दोनलाच लावते.