सोजो

दांडिया बाजारातल्या लॅबमधून
अच्युतचा रिपोर्ट आणला. सीआरपी अकरा पूर्णांक चार.
पाचाच्या आत हवं, शेजारी बारीक छापलेलं.

डॉक्टरबेन म्हणाल्या, लोहीमां थोडो सोजो छे.
संतापाशी त्याचं नातं असेल, नसेलही,
छातीठोक कुणीच सांगत नाही अजून.
लिथियम चालू ठेवा.

मी ओढणीखाली मनगट धरून बसले होते.
तिथेही सोजो. मंगळवारचा.
चहा गार झाला, एवढंच निमित्त.
तीन रात्री झोपला नव्हता,
नळ दुरुस्त करत होता
जो गळतच नव्हता.

आई असती तर म्हणाली असती, उष्णता वाढलीय, सब्जा दे.
तिच्या निदानाला आकडा नव्हता, इतकंच.

रिक्षात कागद चारदा वाचला.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं :
अकरा पूर्णांक चार,
म्हणजे सगळाच अच्युत नव्हता तो.
मग उरलेला किती,
ते कुठल्या रकान्यात बघायचं?

काळा घोड्यापाशी सिग्नल लागला.
ताई, बर्फ लावलास का, त्यानं विचारलं.
दाराचा लागलाय रे, मी म्हटलं.

तो बराच वेळ बाहेर बघत राहिला.
मग म्हणाला,
दार मीच ना?