किमान तापमान

पहाटे पाचला भुजंग उठतो, दिवा न लावता.
अंधारात स्वेटर उलटा घालतो,
स्कूटरला सात-आठ किका मारतो
आणि विद्यापीठाच्या वेधशाळेत
पांढऱ्या झडपांच्या पेटीत डोकं घालून
परभणीची थंडी मोजून येतो.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं: परभणी ९.८.
गल्लीतले लोक त्यालाच धरतात,
"अजून किती पाडायलाव साहेब?"
जणू हाच रात्रभर वर बसून पारा खाली ओढतो.

मला आकडा लागत नाही.
न्हाणीच्या कोनाड्यात माझी खोबरेल तेलाची बाटली आहे.
दिवाळीत तेल पाण्यासारखं होतं,
कार्तिक पौर्णिमेला तळाशी पांढरं धरलं,
आता उलटी केली तरी हलत नाही.
तुळशीजवळ उन्हाला ठेवायला जावं
तर तिथं शेजारची मांजर आधीच बसलेली.

आमचं लग्न वैशाखातलं.
तो सत्तेचाळीसचा, मी त्रेचाळीसची.
एकट्यानं झोपायची सवय दोघांनीही
सामानाबरोबर आणलेली.
वैशाखात निभलं.
गच्चीच्या दोन कडांना दोन चटया,
मध्ये पाण्याचा तांब्या,
कुणी कुणाला काही विचारलं नाही.

थंडी पडली तशा पेटीतून दोन गोधड्या निघाल्या.
त्याची सेलूच्या आत्यानं शिवलेली, पायाशी आखूड.
माझी आईच्या इरकली लुगड्यांची, ओल्या पोत्यासारखी जड.
आठवडाभर आपापल्या गोधडीत
पडून राहिलो
एकाच पत्त्यावर आलेल्या दोन पाकिटांसारखे.

रविवारी मात्र बाहेर पडतो.
वारं लागू नये म्हणून तो स्वेटरच्या आत पेपर घालतो,
त्याचाच आकडा त्याच्याच छातीवर.
मी मागं, कानाला मफलर,
हात त्याच्या खिशांत.
एकात किल्ली, एकात शेंगदाणे.
जिंतूर रोडनं कापसाच्या गाड्या पुढं गेलेल्या,
बाभळीच्या काट्याकाट्याला कापूस.
"बघ, झाडं कान झाकायलेत," मी म्हणाले.
एरवी मी अहो-जाहो करते.
थंडीत तोंड आखडतं,
एक अक्षर कमी लागतं तेवढंच बरं.

चारठाण्याला देवळाच्या पायरीवर
ऊन सरकेल तसे आम्ही सरकत राहिलो.
तीळ लावलेली बाजरीची भाकरी, ठेचा, दोन पेरू.
तो दगडावर तळहात ठेवून म्हणाला, "बावीस."
चहाच्या ग्लासाला बोट लावून, "सत्तर."
मग माझ्या नाकाच्या शेंड्याला.
बराच वेळ गप्प.
"सर्दी होणार तुला."

येलदरीच्या धरणावर वारं उभं राहू देईना.
तिथं कठड्याला धरून त्यानं विचारलं,
तुझं आधी का नाही झालं?
"आई होती," मी म्हणाले. "पंधरा वर्षं अंथरुणाला.
आणि तुमचं?"
"पहाटे पाचला उठून जाणारा नवरा कुणाला पाहिजे?"
मला हसू आलं, वाऱ्यानं डोळ्यांत पाणीही.
कशाचं किती, ते मोजायला
कुठली पेटी नव्हती जवळ.

परवा त्याची रजा होती, वेधशाळेत गुट्टे गेले.
पाचला हा जागाच.
कूस बदलतो, घड्याळ बघतो, खोकतो.
मी माझी गोधडी उचलली
आणि गार पाय सरळ त्याच्या पोटरीला लावले.
तो दचकला नाही.
डोळे मिटून, नीट वाचल्यासारखा म्हणाला,
"नऊ पूर्णांक चार."

काल पेपरात आलं: परभणी ९.६.
मी त्याच्यापुढं पेपर धरला.
"गुट्टे घाईत वाचतो," म्हणाला,
आणि भाकरी कुस्करत राहिला दुधात.

हल्ली जड गोधडी खाली असते, आखूड तिच्यावर.
कुणाचे तरी पाय उघडे राहतातच.