अडतीस अंश

नागपुरात अडतीस अंश म्हणजे मार्चचा शेवटचा आठवडा.
कूलरची ताटी अजून माळ्यावर,
आणि शेजारी म्हणतात, यंदा ऊन नाही बुवा तेवढं.

कुमरे सरांचे अंश वेगळे.
कंपासपेटीतला कोनमापक, मधोमध दोरा,
दोऱ्याला सायकलचा नट.
डिसेंबरच्या एका सकाळी काटोल नाक्यापलीकडच्या जिनिंगात
त्यांनी तो कापसाच्या गंजीला लावला.
नट हलला, हलला, थांबला.
"अडतीस. इथंच जाते माणूस.
वीसवर बर्फ बसून राह्यते, साठवर टिकतच नाही.
मधातला उतार असते ना, तोच गोड दिसते."

आम्ही चौघं. फैजान, मृदगंधा, बोरकुटे आणि मी.
बोरकुटेनं बर्फ पाहिला होता तो फ्रीजच्या वरच्या खणातला.

घरून आणलेल्या परातीत सरांनी साखर पसरली,
वर रवा, त्यावर मैदा, तळव्यानं दाबून.
मग परातीची एक कड उचलू लागले.
काही झालं नाही.
आणखी उचलली, काही झालं नाही.
मग मृदगंधेनं करंगळी टेकवली
आणि अख्खा मैदा एका तुकड्यात
तिच्या चपलांवर.

"तळाची साखर पाह्यली? कोरड्या थंडीत तसा दाणा बनते,
त्यावर जानेवारी कितीही गोरा पडो.
बर्फ सांगते बरं. पायाखाली हुप्प म्हणते,
कोणी दम सोडल्यावानी. ऐकलं का वळायचं.
कोण बरोबर, कोण चूक,
ते खाली येऊन भांडा."

दुपारी ते आम्हाला फाटकाशी पाठवत, पाठ करून.
पोत्यात गुंडाळलेला बीकन गंजीत कुठंतरी पुरत.
पुरायला लागतो त्याहून जरा जास्तच वेळ
ते तिथं उभे असायचे.
कशाला, ते आम्ही विचारलं नाही.

टीं. टीं टीं. मग सळई, मग फावडं.
नाकातोंडात रुई, पापण्यांवर रुई,
हमाल विड्या ओढत बघताहेत.
पहिल्यांदा एकोणतीस मिनिटं.
सरांनी घड्याळ पाहिलं. "मेला. चहा घ्या."
दुसऱ्यांदा अठरा. "सांगता येत नाही."
तिसऱ्यांदा अकरा.
यावेळी बोलले नाहीत,
पोत्यावरची रुई तेवढी झटकत राहिले,
कोणाच्या तरी खांद्यावरची झटकावी तशी.

फेब्रुवारीत आम्ही खरोखर तिथं होतो.
खिंडीच्या अलीकडे, साडेदहा वाजता.
रात्रभर वारा, कड्याच्या या अंगाला सगळा बर्फ आणून टाकलेला,
आणि ऊन निघालेलं.
मी नट सोडला. सदतीस, अडतीस.
बोरकुटे म्हणाला, एकेकानं जाऊ, अंतर ठेवून.
मग त्यानंच एक पाऊल टाकलं
आणि आमच्या सगळ्यांच्या खाली
कोणीतरी दम सोडला.

वळलो.

आमच्यामागून सहा जणांचा एक गट आला,
तोच उतार ओलांडून वर गेला,
खिंडीत झेंडा धरून फोटो काढले, त्याच वाटेनं खाली आला.
काही घसरलं नाही.
रात्री तंबूत कोणी कोणाशी बोललं नाही.

सीताबर्डीच्या टपरीवर जो तो विचारतो:
झाली का खिंड?
नाही.
हात्तिच्या. आणि तर्री पोह्यांवर आणखी तर्री.

सरांना मी सगळं सांगितलं, त्या सहा जणांचंसुद्धा.
ते गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीला पाणी घालत होते.
"ते गेले म्हणून उतार चांगला होत नाही.
त्यानं सोडलं त्याइले. सोडते कधी कधी.
मंग माणसाले वाटते, आपल्याले समजते."
नळ बंद केला.
"आमी पण तीनदा गेलो होतो तिथून."

चौथ्यांदाचं त्यांनी सांगितलं नाही.
माझ्या हातातला कोनमापक घेतला,
दोऱ्याचा पीळ सोडवला,
नट स्थिर होईपर्यंत बघत राहिले.
बाहेर मार्च. पारा चढतोय.