चौथं रूप

मंगळवारी आणि गुरुवारी, रात्री साडेसातला,
खतांच्या गोण्यांना टेकवलेला फळा.
क्रियापदाचा शेवट छाटायचा, मी सांगते.
आब्लार, बोलणे. त्यातला 'आर' उडवा.
फोर्तुनाता वामानी मान डोलावते:
कोकराचं शेपूट छाटतो तसंच ना, प्रोफे?
तसंच. फक्त इथे लगेच दुसरं फुटतं
आणि बोलणारा त्या शेपटात बसलेला असतो.
'ओ' आला की मी. 'आस' आला की तू.
'आ' म्हणजे तो, ती,
आणि ज्यांच्यासमोर टोपी काढावी लागते ते सगळे.

आब्लो, आब्लास, आब्ला.
अकरा बायका, दोन म्हातारे, पाठीवर झोपलेलं एक लेकरू.
प्रत्येक रूपासोबत तोंडातून वाफ.

आब्लामोस. आम्ही बोलतो.
"आम्ही की आपण?"
फोर्तुनाताच.
आमच्या केचुआत त्याला दोन दारं आहेत,
एकातून तुला आत घेतात, दुसरं तुझ्या तोंडावर लावतात.
स्पॅनिशमध्ये एकच, मी म्हणते. नोसोत्रोस.
"मग दवाखान्यातला डॉक्टर नोसोत्रोस म्हणतो
तेव्हा मी आत असते की बाहेर?"
पुस्तकात तक्ता आहे, सहा चौकोनांचा.
मी पान उलटते.

कोमेर, जेवणे. कोमो, कोमेस, कोमे,
आणि पुढे तिच्या जिभेवर 'ए'चा 'इ' होतो.
या खोऱ्यात सगळ्यांचाच होतो. माझाही व्हायचा;
लीमात तीन वर्षं लोक हसले, तेव्हा सुटला.
कोमिमोस, ती म्हणते.
कोमिमोस म्हणजे जेवलो. जेवण झालं, ताटं उचलली.
तुम्हाला म्हणायचंय, जेवतो. कोमेमोस. ओठ ताणा.
कोमिमोस.
ताणा.
कोमिमोस, आणि ती बोटं मोजते:
ती, थोरली, धाकटा, एफ्राइन.
एफ्राइनचं बोट थोडा वेळ उभं राहतं.
खाणीवरून त्याची टोपी आली होती, गेल्या ऑगस्टात,
दुसऱ्या कुणाच्या तरी पिशवीतून.

मी घाईने तिसऱ्या तक्त्यावर जाते.
विविर. राहणे, जगणे.
विविमोस, ती म्हणते.
बरोबर.
"हे आत्ताचं की मागचं?"
दोन्हीचं. रूप तेच राहतं.
"तेच?"
तेच.

पेन्सिलीचं टोक जिभेला लावून
ती वहीत लिहिते, एकेक अक्षर,
मग लेकराची झोळी सावरत म्हणते,
हे मला येतं, प्रोफे.
हे आणखी थोडं घ्या.