वेढे

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या शेडमध्ये
आमचं वाइंडिंग खातं.
मी वेढे मोजते, कन्नडमधून.
शिकवणारी कल्लव्वा होती,
ओंदु, एरडु, मूरु असंच तिनं बोटांत भरलं.
मराठीतून मोजायला गेले
की पन्नाशीनंतर तार सैल पडते.

या खेपेची ऑर्डर लांबची.
चोवीस ट्रान्सफॉर्मर. बारा नदीच्या अल्याड, बारा पल्याड.
नदीचं नाव सोंगवे.
एका काठाला मलावी, दुसऱ्याला टांझानिया,
आणि वीजघर दोघांत मिळून एक.
अजून व्हायचंय म्हणे.
पण तांबं आमच्याकडं येऊन पडलंय.

तपासणीला दोघं आले.
चिसोमो म्वेनिफुम्बो, चष्मा दोरीला बांधलेला,
आणि नेएमा म्वाकालिंगा, जी कागदाआधी
नट हलवून बघते.
देश दोन. पण घरची बोली एकच असावी,
चहाला साखर जास्त झाली
तेव्हा एकाच शब्दावर दोघं हसले.

नेएमा म्हणाली, आमची नदी पात्र बदलते.
पूर ओसरला की काकाचा मका
रात्रीत दुसऱ्या देशात गेलेला असतो.
सातेरीमामानं वार्निशचा ब्रश खाली ठेवला.
"आमची मार्कंडेय जागची हलली नाही बाई,
इथं कागद सरकला."

मग त्यांनी विचारलं, इथली हद्द कुठं?
मी कोअरकडं बोट दाखवलं.
ही पत्र्याची चळत शिनोळीची, म्हणजे महाराष्ट्र.
टाकी आमची, म्हणजे कर्नाटक.
रोज सकाळी टेंपोत बसून हद्द येते,
आणि इराप्पा तिला क्रेननं उतरवतो.

मामाच्या गावाबाहेर बांधावर दोन खांब आहेत,
दोन कंपन्यांचे, पाठीला पाठ लावून.
इकडची गेली तर तिकडं असते,
तिकडची गेली तर इकडं.
एका जूनमध्ये तीन दिवस अंधार,
दवाखान्यातल्या फ्रीजमध्ये पोरांची लस.
तेव्हा पलीकडच्या गिरणीतनं वायर ओढली,
दोनशे मीटर, शेवग्याच्या झाडावरनं.
कुणाला विचारून, ते मामा सांगत नाही.
लस मात्र थंड राहिली.

चिसोमोनं हे वहीत लिहून घेतलं.
म्हणाले, यालाच आम्ही
अकरा वर्षं करार म्हणतोय.

नेमप्लेटचं अजून ठरलेलं नाही.
कुठल्या देशाचं नाव वर, यावर पत्रं चाललीत.
आम्हाला नवल नाही,
पाटीवरनं दगड पडलेल्या गावात आम्ही वाढलो.
तोवर पत्र्यावर नुसते आकडे ठोकलेत:
तेहेतीस हजार आत, चारशे बाहेर.

दुपारी नेएमा माझ्या मशीनवर बसली.
तार धरली आणि म्हणाली, "मोजा."
मला वाटलं मलाच सांगते. मी मोजायला लागले.
ती पुढं म्हणाली, "म्बिली, ताटु..."
त्यांच्यात मोजा म्हणजे एक!
खातं हसलं, भट्टीवरची पोरंसुद्धा.
हसण्यात वेढे पुढं गेले.
माझे दोनशे बारा,
तिचे दोनशे नऊ,
मामाचे मनातल्या मनात दोनशे दहा.
काउंटरचा पट्टा सोमवारपासून तुटलेला.

कल्लव्वाचा नियम होता, संशय आला की सोड.
एका वेढ्याची चूक आतच बसते,
आणि दोन वर्षांनी कुणाच्या तरी घरात जळते.
मी उलट फिरवत गेले,
ती रिळावर घेत गेली.
तांबं एकदा वाकलं की वळण विसरत नाही,
हातानं सरळ करावं लागतं, वीत वीत.

पुन्हा सुरुवात केली
तेव्हा तोंडानं कुणी मोजलं नाही.
दर दहाला कागदावर पेन्सिलची एक रेघ,
एक माझी, एक तिची.
तिच्या रेघा जरा तिरक्या येतात.
त्याच कागदाचा शेवटचा थर दिला,
वर सुती पट्टी आवळली.

उद्या तेल भरायचं.
शिनोळीचा टेंपो अजून आलेला नाही.