दुसऱ्या धृपदाआधी

ग्रिम्सबीच्या सुपरमार्केटात, गोठलेल्या वाटाण्यांपाशी,
छतातल्या जाळीतून ते गाणं झिरपायला लागलं
आणि रसेल ऑल्ड्रॉइड, वय सत्तावन्न,
लोकांच्या खिडक्या बसवून गुडघे गमावलेला,
ट्रॉलीच्या दांड्यावर ठेका धरून उभा राहिला.

त्याच्याकडे हे गाणं होतं.
रविवारी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून,
दार लावून, सगळ्यांना गप्प बसवून
नळाखाली बादली लावावी तसं भरून घेतलेलं.
आणि नेमकं दुसऱ्या धृपदाआधी,
ड्रम क्षणभर थांबतात तिथे,
माशी नाही,
नेव्हिल शिंकला.
धाकटा. पलंगाखाली लपलेला.

किती बदडलं होतं त्याला!
पण कॅसेट एकच, खिसा रिकामा.
मग ती शिंक गाण्यातच राहिली
चाळीस वर्षं, तीन गाड्या, एक घटस्फोट,
अगदी तालात.

आईचं घर विकलं तेव्हापासून
दोघं बोलत नाहीत.
रक्कम फार नव्हती.

आता वर ड्रम थांबले.
रसेलने श्वास रोखला.
काही नाही. धुतलेली, इस्त्री केलेली शांतता,
आणि गाणं पुढे निघूनसुद्धा गेलं,
जणू त्या खोलीत कधी कुणी नव्हतंच.

"ब्लेस यू," तो मोठ्याने म्हणाला.
फळीवर डबे लावणारी मुलगी वळली.
"मी नाही शिंकले."
"माहीत आहे," तो म्हणाला,
फोनसाठी एकेक खिसा चाचपत;
वाटाण्यांची पिशवी काखेत
हळूहळू मऊ होत गेली.